आता निकाल गावातच

१४ सप्टेंबर १९९३

प्रिय रेने,

अनेक आशीर्वाद. तू, मेसी आणि तुझी आई खुशाल असाल. इकडे टेक्सासचा उकाडा सप्टेंबर अर्धा संपला तरी हटायला तयार नाही. तुझ्या सासऱ्याचे, रूडीचे गुडघे रोज कुरकुरतात, पण गुरुवारी पत्त्यांच्या टेबलाशी बसला की त्यांना काहीएक होत नाही. कोंबड्या बऱ्या आहेत. मेसीची ती लंगडी कोंबडी अंडी घालायला लागली, तिला सांग.

तुला कळलंच असेल, या महिन्यापासून आपल्या काउंटीच्या कोर्टाला घटस्फोटाचे आणि मुलांच्या ताब्याचे खटले चालवायचा अधिकार मिळाला. आजवर तिथे काय चालायचं? दारू पिऊन गाडी हाकणारे, न वटलेले चेक आणि कुंपणाची भांडणं. बाकी सगळ्याला तो पाच काउंट्या फिरणारा जिल्हा न्यायाधीश. तो येईपर्यंत भांडणारे म्हातारे व्हायचे. तुझ्या आणि डॅरलच्या घटस्फोटाचीच तारीख दोनदा पडली आणि दोनदा गेली. मेसीला शाळेत कुठे घालायचं, इथे की तुझ्याकडे बोमाँटला, हे ठरेना, म्हणून तू फोनवर रडली होतीस.

कोर्टाच्या पायऱ्यांवर छोटा समारंभ झाला. मी खसखशीचं आणि आलुबुखाराचं सारण भरलेले गोड पाव, आपले कोलाचे, करून नेले होते. लेरॉय यानाक न्यायाधीशाचा झगा घालून सगळ्यांशी हात मिळवत होता. कुबेना बाई म्हणाल्या, "लेरॉय, आता नवरा-बायकोत पण तूच पडणार का रे? तुझी स्वतःची तर तुझं ऐकत नाही!" सगळे हसले. मीही हसले.

आणि हे व्हावं म्हणून मीच तर धडपडले होते. वसंतात आम्ही चर्चमधल्या बायका बस करून राजधानीला गेलो, तेव्हा आमदारांच्या समितीपुढे उभी राहून मीच म्हटलं होतं, "आमच्या घरातलं भांडण आम्हाला ओळखणाऱ्या माणसाने सोडवावं." टाळ्या पडल्या. रूडी अजून ते वाक्य पाहुण्यांना ऐकवतो. आता तो सांगायला लागला की मी उठून स्वयंपाकघरात जाते.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, शेवटी माणसासारखी तारीख मिळाली. यानाक चांगला माणूस आहे ना?" मी नुसतं हो म्हटलं आणि कोंबड्यांचं काढलं. रूडी दुसऱ्या खोलीतल्या फोनवर ऐकत होता. म्हणून हे पत्र. ते घरच्या टपालपेटीत न टाकता मी स्वतः पोस्टात नेऊन देणार आहे.

लेरॉय चांगला आहे, त्यात खोट नाही. माझ्या बहिणीच्या अंत्यविधीला तो माझ्याहून जास्त रडला. पण तो आणि रूडी जन्मभर एकाच टेबलाशी टारोक खेळत आलेत. तुला तो खेळ कधी जमला नाही. त्यात डावाचा भागीदार कोण हे तोंडाने सांगायचं नसतं, ज्याच्या हातात ठरलेलं पान असेल तो गुपचूप साथ देतो. या दोघांना पान दिसायच्या आधीच एकमेकांचं कळतं.

गेल्या गुरुवारी मी कॉफी घेऊन गेले, तर रूडी म्हणत होता, "नातीचं काय होईल कुणास ठाऊक." लेरॉय पत्ते लावता लावता म्हणाला, "अरे, काळजी कसली करतोस? पोर आजी-आजोबांपाशीच वाढायला हवी, एवढं मला कळतं." मग वर मान करून मला म्हणाला, "अल्बिना, साखर कमी घातलीस आज!" त्याच्या मनात काळंबेरं काही नाही गं. तो आमच्यावर माया करतो, आणि मला भीती वाटते ती त्या मायेचीच. तुझी बाजू त्याने अजून ऐकलीसुद्धा नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. कालपासून दोनदा पत्र टाकून उठले.

मेसीच्या कपाळावरचं टेंगूळ बघून तू विचारलंस, तेव्हा डॅरलने सांगितलं, ती झोपाळ्यावरून पडली. रूडीने मान डोलावली. ती झोपाळ्यावरून पडली नाही. त्या रविवारी चर्चच्या सहलीत डॅरल सकाळपासून बियर पीत होता. मी किल्ली मागितली तर म्हणाला, "आई, सगळ्यांसमोर तमाशा नको." तो मेसीला घेऊन निघाला. आम्ही मागून आलो, तर गाडी वाटेवरच्या यानेसेकांच्या कुंपणात शिरलेली. डॅरल स्टीअरिंगवर मान टाकून झोपलेला आणि मेसी शेजारी बसून. रडत नव्हती. मला म्हणाली, "आजी, डॅडी झोपले म्हणून मी चाक धरलं होतं. पण माझा पाय खाली ब्रेकला पोचेना."

रूडीने तिथेच सांगितलं, "घरातली गोष्ट घरातच राहील. ऐकलंस ना, अल्बिना?" कुंपण त्याने दुसऱ्याच दिवशी दुरुस्त करून दिलं. तेव्हापासून मला झोप नाही. कानात सारखं तिचं ते पाय न पोचणं.

डॅरल दुष्ट नाही. मुलीवर जीव टाकतो. पण तो पितो, आणि पीत नाही असं म्हणतो, आणि त्याच्या बापाला ते खरं वाटतं. लेरॉयलाही वाटेल.

तुझ्या वकिलाला सांग, न्यायाधीश बदलून मागायला. तसा अर्ज करता येतो. मी कोर्टाच्या कचेरीत जाऊन विचारलं. तिथली बाई म्हणाली, "कुणासाठी गं, अल्बिना?" मी म्हटलं, एका मैत्रिणीसाठी. तिने चष्म्यावरून असं पाहिलं की ही गोष्ट रविवारच्या आत रूडीच्या कानावर जाणार. म्हणून तू लवकर हात-पाय हलव. अर्जाला कारण लागेल. टेबलापाशी मी काय ऐकलं ते मी सांगेन.

आणि गाडीचंही मीच सांगेन. मेसीला कोणी काही विचारायची वेळ येऊ देऊ नकोस, ती सात वर्षांची आहे. साक्षीदारांत माझं नाव घाल. रूडी मला त्यानंतर या घरात ठेवील की नाही, माहीत नाही. डॅरल बोलणार नाही, हे नक्की माहीत आहे.

शपथ दिल्यावर पहिल्यांदा विचारतात, तुम्ही कोण, तुमचं नातं काय. तेव्हा आवाज फुटेल की नाही देव जाणे. म्हणून आत्ताच लिहून सही करते.

डॅरलची आई,
अल्बिना ओर्साक