अंशांवर ठेवलेला कॅल्क्युलेटर

मंगळवार, दिवेलागण

शेजारची गौरी आली होती. उद्या गणिताचा पेपर आणि लिमिट अजून डोक्यात शिरत नाही. साइन एक्स भागिले एक्स, एक्स शून्याकडे जाताना. तिने वरखालचे एक्स सरळ खोडून टाकले. कॉन्व्हेंटात मीही तेच करायचे. सिस्टरांनी सांगितलेलंच तिला सांगितलं, की एकट्या साइनला अर्थ नसतो. मग ह्यांचा कॅल्क्युलेटर दिला, लहान लहान आकडे घालून बघ म्हटलं.

“काकू, पुस्तकात उत्तर एक आहे. माझं ०.०१७च्या पुढे सरकतच नाही! मी उद्या नापास.”

कॅल्क्युलेटरच्या पडद्याच्या कोपऱ्यात बारीक डी होता. म्हणजे अंश. हे अंबडच्या कारखान्यात सगळे कोन अंशांतच मोजायचे. हे गेल्यापासून त्या बटणांना कुणी हात लावलेला नाही. तो डी ह्यांनीच ठेवलेला.

“रेडियनवर घ्यायला हवा, तरच एक येईल,” मी म्हणाले, पण बोट हलेना.

“बटण विसरलात ना? द्या इकडे.” तिने काहीतरी दाबलं. डी गेला. “आलं काकू, जवळजवळ एक! म्हणजे मी ढ नाही, हे डबडंच ढ!”

किती हसली पोर. मीही हसले. नजर मात्र डी होता त्या कोपऱ्यावरच.

पेपरला घेऊन जा म्हटलं. दारातून वळून विचारते, “परत देताना होता तसा अंशांवर करून देऊ?”

“दे.”

“पण मग तुमचं उत्तर चुकेल, काकू.”

“चुकू दे,” म्हटलं.