दारातून न दिलेली साडी

बदलापूर,
८ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बकुळामावशींस,

सादर जयभीम. गुडघे कसे आहेत? इकडे सगळे खुशाल, फक्त माझा घोर अपमान झाला आहे.

परवा उल्हासनगरहून नवा पाळणा रिक्षात घालून आणला. गेटवरच्या वॉचमनने मला आपादमस्तक न्याहाळलं, वहीत ‘डिलिव्हरी’ लिहिलं आणि म्हणाला, “पीछेवाली लिफ्ट, काका.” तीन वर्षं मी या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. कचऱ्याच्या डब्यांशेजारी उभा राहून वर गेलो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पाळणा आमच्या लेकीच्या, हिमानीच्या मुलीसाठी. मंगळवारी झाली, अंबरनाथला. व्याही फोनवर सगळ्यांना सांगत होते, “मोठ्या डॉक्टरांनी डिलिव्हरी केली.” हिमानी कॉटवरून म्हणाली, “मग चौदा तास मी काय करत होते?”

मला तुम्ही आठवलात. उल्हासनगरला आपल्या कॅम्प चारच्या नळावर कुणीतरी म्हणालं होतं, बकुळाबाईंनी पाचशे डिलिव्हऱ्या केल्या. तुम्ही हंडा भरता भरता म्हणालात, “बाळंत बाया झाल्या. मी कंदील धरला.” मी गॅसचा सिलिंडर बदलला तरी आठवडाभर सांगत असतो.

मी तर पायाळू. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत तुम्ही आईला सोडलं नाहीत. बारशाला सुईणीला पाटावर बसवून साडीचोळी द्यायची आमच्याकडे रीत. आईने हिरवी साडी आणली. आप्पा म्हणाले, “त्यांना दारातूनच दे.” दारातून द्यायला आई तयार नव्हती, आणि आत बोलवायची तिची हिंमत झाली नाही. साडी ट्रंकेत गेली. तुम्ही मात्र रोज नळावर तिला विचारत राहिलात, “पोरगं दूध पितं ना?”

जाण्याआधी आईने साडी माझ्याकडे दिली. “बकुळाला दे. दारातून नको.” याला नऊ वर्षं झाली. वेळ मिळाला नाही, असं आत्ता लिहिलं आणि खोडलं. आप्पाही तेव्हा नव्हते. अडवणारं कुणीच नव्हतं, मावशी.

साडी घड्यांवर विरली आहे. नवी घेणार होतो, पण ती आईची झाली नसती.

सोळा तारखेला, रविवारी, बारसं आहे. हिमानीचा हट्ट आहे, बाळाला पाळण्यात तुम्हीच घालायचं.

हे पत्र टपालात टाकत नाही. तुमच्या सुनेच्या हाती आत पाठवीन. तुम्ही वाचत असाल तेव्हा मी बाहेर असेन, साडी पिशवीत घेऊन. ती दारातून देता येत नाही. आत बोलवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमच्या उंबऱ्याबाहेर उभा,
गुरुदत्त