रिकामा चाप

॥ श्री नृसिंह प्रसन्न ॥

मु. पोखर्णी, ता. ३ नोव्हेंबर १९५७

चि. चंद्रभान यास आश्रुबाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा धरतो नि सोडतो, पण तोंड चालू आहे, म्हणजे काळजीचं कारण नाही. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुझं पत्र पोचलं. तीन वर्षांतलं हे चौथं. वहिनीला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचायला घेतलं तर म्हणाली, "अवो, चारच वळी हायत, किती घोळायलात?"

तू लिहितोस की पुण्याच्या क्लबाकडून स्पर्धेत उतरायचं आहे, दुसऱ्याच्या रायफलीवर गाल बसत नाही, म्हणून तुझी बावीस बोअरची लहान रायफल तुझ्या मित्राच्या हाती द्यावी, तो लग्नाला परभणीस येणार आहे. तुझं स्वतःचं लायसन झालं, हे वाचून बरं वाटलं. पण बाबा, बंदूक म्हणजे काय बुंदीच्या लाडवांचा डबा आहे, ह्याच्या त्याच्या हाती धाडायला? लायसन तुझं, हात त्याचा, आणि वाटेत पोलिसानं अडवलं तर मान माझी.

दुसरं असं, की मला विचारशील तर तू मोठी रायफलच ने.

आबासाहेबांच्या जहागिरीत मी हत्यारं पुसायला होतो. मला कुणी शिकवलं नाही. उघडायचं, बघायचं, पुन्हा जोडायचं, असं शिकलो. जहागीर गेली तेव्हा त्यांनी ह्या दोन्ही रायफली माझ्या नावे करून दिल्या, म्हणून दोघींचा स्वभाव मला सुनांसारखा ठाऊक आहे. बावीसच्या काडतुसाला टोपी नसते. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला, आणि पिन त्या कडेवरच आपटते. कड चेपायची तर पितळ पातळ हवं, आणि पितळ पातळ म्हणून जोरही बेताचाच. मोठीच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध टोपी असते. बूड जाड, दारू भरपूर, जनावर जागेवर बसतं. शिवाय मोठीचं फुटलेलं पितळ वाया जात नाही. नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी, की पुन्हा उभं. बावीसचं एकदा फुटलं की लेकरांना शिट्टी वाजवायला.

बावीस ससा-तितराला ठीक. डुकरावर चालवली तर ते मरत नाही, नुसतं जखमी होतं, आणि मग... असो. तो विषय नको.

मोठी तेल घालून तयार ठेवली आहे. बावीस खुंटीला आहे. तिला कुणी हात लावत नाही. मित्राला सांग, आपलं लग्नाचं जेवून सुखानं परत जा म्हणावं.

अंगाला जपावं. पुण्यात थंडी पडली असेल.

आश्रुबा


॥ श्री नृसिंह प्रसन्न ॥

मु. पोखर्णी, ता. १९ नोव्हेंबर १९५७

चि. चंद्रभान यास आश्रुबाचे आशीर्वाद.

तुझं उत्तर काल आलं. "मोठीवर ही स्पर्धा खेळत नाहीत, दादा, हे तुम्हाला ठाऊक आहे. मित्राच्या हाती देत नसाल तर मीच येतो. एक डिसेंबरला दुपारच्या गाडीनं परभणीला उतरेन. रायफल स्टेशनवर घेऊन या. संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन."

तुझ्या वहिनीनं 'येतो' एवढंच ऐकलं आणि जात्यावर बसली. मी म्हणालो, "अगं, घरी येणार न्हाई ते. ठेसनावरूनच जाणार हाय."

"मग मला काय ठेसनावर यायची बंदी हाय? धपाटे थंड बी चांगले लागतात."

ती दळत होती आणि मी खुंटीकडं बघत बसलो होतो. गेल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. बावीसला कुणी हात लावत नाही, असं लिहिलं. ते फिरवून खरं लिहायचं तर मागून सुरू करावं लागेल, आणि मागचं तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल.

तू रोज दिवेलागणीच्या आधी अंगणात यायचास. कडुलिंबाच्या फांदीला दोऱ्यानं चिंचोके टांगलेले असायचे. काडतुसं मोजकी, म्हणून आधी फुटकं पितळ घालून रिकामाच सराव करायचास. बोल्ट ओढायचास, पिनेला न चेपलेली कड मिळावी म्हणून पितळ जरासं फिरवायचास, गाल टेकायचास, टक्. पुन्हा फिरवायचास, टक्. शेवटी एकच खरी गोळी, आणि चिंचोका गायब. मला ते बघून छाती भरून यायची. पण तोंडानं काय म्हणालो? भुईमुगात डुकरं शिरली त्या दिवशी पारावर सगळ्यांच्या देखत म्हणालो, "आमचा चंद्या चिंचोक्यांची लय शिकार करायलाय. चिंचोके मारून वावर राखलं जात असतं तर वाणी बी शिकारी झाला असता."

सगळे हसले. तू हसला नाहीस. त्याच सांजेला तू बावीस घेऊन वावरात गेलास, मोठीला हात न लावता. डुकराला गोळी लागली, डुक्कर मेलं नाही, आणि जखमी होऊन शेजारच्या बांधावर लिंबाजी बसला होता त्याच्या मांडीत सुळा घालून गेलं. लिंबाजीला बैलगाडीत घालून दवाखान्यात नेताना मी तुला जे बोललो ते कागदावर लिहवत नाही. 'तुझ्या हाताला बंदूक शोभत नाही' हे त्यातलं सगळ्यात मऊ. सकाळी बावीस भिंतीला टेकवलेली होती आणि तू नव्हतास.

लिंबाजी आता बरा आहे. थोडा लंगडतो, आणि मांडीवरची खूण लेकरांना वाघाची म्हणून दाखवतो. परवा पारावर मीच तुझा विषय काढला तर म्हणाला, "आश्रुबा, डुकरानं माजी मांडी फाडली, ती डाक्टरनं शिवली. तुमच्या जिभेनं त्या पोराचं काळीज फाडलं, ते कोण शिवायचं?"  

आता रायफलीचं.

तू गेलास आणि दिवेलागणीला अंगण इतकं मुकं व्हायचं की गोठ्यातल्या गायीसुद्धा माना वर करून बघायच्या. पंधरा दिवस काढले. सोळाव्या दिवशी तुझी बावीस घेतली, डब्यातलं एक फुटकं पितळ घातलं आणि चाप ओढला. टक्. आत चुलीपाशी वहिनी थांबली.  दुसऱ्या दिवशी वेळ झाली तसं तिनंच डबा आणून समोर ठेवला.

असं रोज. तुझ्यासारखंच पितळ फिरवून फिरवून ओढत होतो. पण डब्यात असून असून पितळं किती असणार? एकेकाची कड चहूबाजूंनी चेचून गेली. मागच्या माघात शेवटचंही संपलं. मी डबा उपडा करून बघितला, आणि मग, चंद्या, तशीच रिकामी ओढली.

मोठीचं तसं नसतं. काडतूस बसतं ते घर रिकामं असलं तर तिची पिन हवेवर आपटते. बावीसची पिन सरळ घराच्या कडेवर बसते, लोखंडावर लोखंड. तुला पहिल्यांदा ती हातात दिली तेव्हा मीच दम भरला होता, "रिकामी ओढलीस तर कान उपटून हातात दीन." तू एकदाही ओढली नाहीस. मी ओढली. पाऊस सुरू होईपर्यंत ओढली. एक दिवस बोट आत घालून बघितलं तर घराच्या कडेला खाच पडलेली, आणि लोखंड चेपून आत आलेलं. तुझं पत्र आल्यावर पाच काडतुसं घालून पाहिली. दोन फुटली, तीन मुकी राहिली, आणि फुटलेल्यांतलं एक सुरीनं उकरून काढावं लागलं. नळी चांगली आहे, दस्ता चांगला आहे, पण अशी रायफल घेऊन तू स्पर्धेत उतरलास तर पुन्हा चारचौघांत तुझी मान खाली जाईल, आणि पुन्हा माझ्यामुळंच.

वहिनी म्हणाली, "आत्ताच कशापायी लिव्हता? कळलं तर येणार न्हाई ते. एकदा येऊ द्या, मग सांगा."

बरोबर म्हणाली. नुसतं गप्प राहिलो असतो तर एक तारखेला तू परभणीला उतरलाच असतास. पण तुला फसवून दिसण्यापेक्षा न दिसलेला बरा.

इलाज आहे. कानशीच्या पोलादाची निमुळती सळई घासून केली आहे. तिनं आत आलेलं लोखंड हळूहळू मागं दाबायचं, मग पॉलिश. काम दोन दिवसांचं, पण केसाएवढं बघायला नजर लागते, आणि माझ्या डोळ्यांत आता फूल पडलं आहे. सळई मी धरीन, बघावं तुला लागेल. पुण्यातले कारागीरही हे काम करतात, कदाचित माझ्यापेक्षा चांगलं. त्यांच्याकडं नेलीस तर मला राग नाही. स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे, वेळ पुरेल.

मी एक तारखेला दुपारच्या गाडीला रायफल घेऊन फलाटावर उभा असेन. वहिनी धपाटे घेऊन असेल. तू उतरलास तर हवाली करीन, आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून देईन. थांब म्हणणार नाही. उतरला नाहीस तर आम्ही दोघं बाकावर बसून धपाटे खाऊ आणि परत येऊ.

ती पाच काडतुसं सोडली तर पाऊस आल्यापासून चाप ओढलेला नाही. दिवेलागण होते, वहिनी चुलीपाशी थांबते, मी अंगणात बसतो, आणि काहीच वाजत नाही. हात मोकळे राहतात म्हणून काल नुसताच बसून चिंचोके दोऱ्यात ओवले. लिंबाला टांगायला लिंबाजी आला होता, लंगडत. म्हणाला, "वर बांधा वो, पोरगं आता उंच झालं आसंल." मग एक वीत वर बांधले.

चिंचोके टांगून बसलेला,
तुझा दादा
आश्रुबा