दाजींनी अजून हिरवं केलं नाय

बीड बायपास, औरंगाबाद
चैत्रातला शेवटचा रविवार

तीर्थरूप अक्का,

तुझ्या पायावर डोकं ठेवते, दाजींच्याही ठेवते (त्यांनी पाय मागं घेतले तरी). गुडघा कसाय? तेल सोडून गोळ्या खाऊ नको आणि गोळ्या सोडून तेलावर राहू नको, दोन्ही कर. नाहीतर लग्नात खुर्चीवर बसून राहशील आणि कोणी विचारलं नाय म्हणून मलाच बोलशील. विहिरीला काही उरलंय का? म्हशी घरीच हायेत का छावणीत? आम्ही मजेत. नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही चोरासारखा, झोपेत गाठतो. चारी बाजूंनी बिल्डिंगी उठल्यात, ज्यानं त्यानं बोअर पाडलंय, त्यामुळं आपल्या बोअरमधून आता नुसता आवाज येतो.

हे पत्र शेजारच्या भामाबाईच्या हाती देते, ती देवगावला माहेरी चाललीय. फोनची सोय नाय, कारण तुझा फोन दाजींच्या खिशात, आणि तू बोलायला लागलीस की दाजी शेजारी खोकतात. तू सातवी, मी चौथी, दोघींची मिळून जुनी मॅट्रिक होते, तेवढ्यात भागेल.

तू भावकीत सांगतीस म्हणे, प्रेरणा कंपनीत कम्प्युटरवर बसती. नुसतं बसती म्हणू नको. बसायला मीही बसते. वाळूजच्या त्या कारखान्यात कोणतं काम कोणी करायचं, कशाच्या आधी करायचं, कोणी हो म्हणल्यावर करायचं, हे सगळं एका सॉफ्टवेअरमध्ये मांडलेलं असतं, आणि त्या सॉफ्टवेअरच्या चाव्या तुझ्या भाचीच्या कमरेला. तिला अ‍ॅडमिन म्हणतात. मी एकदा डबा द्यायला गेले तर तिचा मोठा साहेब तिच्या टेबलापाशी उभा. मॅडम, मला ते पान दिसत नाही, म्हणत होता. ही म्हणली, "सर, तुम्हाला ते दिसायची गरज नाही." अक्का, माझा ऊर असा भरून आला की डबा द्यायचाच राहिला, तसाच घरी आणला आणि दोघांनी मिळून खाल्ला (यांना कारण सांगितलं, तर हे म्हणाले, अशीच रोज भरून येत जा).

तर प्रेरणाच्या साखरपुड्याला काय घोटाळा झाला ते तू पाहिलंस. टँकरवाल्या सांडूला आपल्या घरातल्या चौघांनी चार जागा सांगितल्या, आणि त्यानं पाणी शेजारच्या बिल्डिंगीच्या हौदात ओतलं. जिलेबी मात्र दुप्पट आली. पाहुणे जिलेबी खाऊन चिकट हात घेऊन उभे, आणि धुवायला थेंब नाय. त्या रात्री प्रेरणा म्हणली, "आई, इथं कामाला मालकच नाही. लग्न मी सॉफ्टवेअरवर घेते." घरच्यासाठी त्याचं फुकटातलं मिळतं, ते तिनं सगळ्यांच्या मोबाइलवर टाकून दिलं. (दाजींच्या मोबाइलवर तिनं देवगावला येऊन टाकलं, तू तेव्हा पापड लाटत होतीस.) आणि मला म्हणली, माझ्यानंतर अ‍ॅडमिन तू. आख्ख्या बायपासवर चौथी पास अ‍ॅडमिन मी एकटीच आहे. कुणाला सांगायचं असेल तर सांग, माझी हरकत नाय.

सुरुवातीला थोडं चुकलं, कुणाचं चुकत नाय? तिनं कंपनीत नवीन मशीन बसवायच्या कामाची जी यादी असते तिचाच साचा उचलून लग्नाला लावला. नावं बदलायची राहिली. वऱ्हाड येण्याच्या कामापुढं लिहिलेलं, माल उतरवून घेणे व तुटफूट तपासणे. नवरदेवापुढं, आठ तास चालवून पाहणे. व्याह्यांच्या मोबाइलवर ते गेलं. माणसं चांगली, हसली. विहीणबाई नाय हसल्या, त्यांनी विचारलं, बिघाड निघाला तर परत पाठवणार का? मी म्हणलं, गॅरंटी तुमची हाय ना?

दुसरी अक्कल माझी मला आली ती सांगते, तुला बचत गटात कामी येईल. सगळ्यांना चावी देऊ नये. मी पहिल्या दिवशी आपल्या माणसांत भेदभाव नको म्हणून जो दिसला त्याला अ‍ॅडमिन केला. प्रेरणा कपाळाला हात लावून बसली. संध्याकाळपर्यंत अप्पारावांनी (आपल्या सगळ्यात धाकट्या बहिणीचा नवरा, हौशी माणूस) जेवणातली वांग्याची भाजी काढून पनीर घातलं, मोतीराम आचाऱ्यानं पनीर काढून परत वांगं घातलं, आणि कुणीतरी लग्नाची तारीखच पुढच्या वर्षावर नेली. तो कोण ते मशीनमध्ये दिसतं, पण मी नाव लिहीत नाय, कारण ते माझ्याच घरात राहतात आणि त्यांनी नुसतं काय होतं ते बघायला दाबलं होतं. मग सगळ्यांच्या चाव्या काढून घेतल्या. ज्याचं काम त्याला तेवढंच बटण. काम झालं, मान्य असलं, की बटण दाबायचं, चौकट हिरवी होते. तोवर लाल.

आणि सांडूला मी सगळ्यांसमोर बजावलं, हिरवं झाल्याशिवाय टँकर हलवायचा नाय. देव जरी सांगायला आला तरी नाय.

आता यंदाच्या सालात सोन्यापेक्षा पाण्याला भाव. म्हणून पाण्याचा मान थोरल्या जावयाला द्यायचा हे मी ठरवलं. टँकर कधी, किती, कुठं ओतायचा, त्यावर शेवटचं हो दाजींचं. यात माझं काय चुकलं सांग? पण मशीनला आपला मानपान कुठून ठाऊक. त्यानं नावं लावली बाराखडीप्रमाणं. अप्पाराव सगळ्यात वर. मग गोकुळ मांडववाला. मग मी. मग नानासाहेब, म्हणजे आपले दाजी. धाकट्या साडूच्या खाली आणि मांडववाल्याच्याही खाली! दाजींनी मोबाइल पाहिला, उलटा ठेवला, आणि त्या दिवसापासून ती यादी उघडली नाय, असं तूच सांगितलंस.

मी लगेच सुधारलं. प्रेरणाकडून 'मान' नावाचा नवीन रकाना करून घेतला, त्यात दाजींना पहिला नंबर दिला, आणि यादी मानाप्रमाणं लावली. (असा रकाना तिच्या कंपनीत कुणालाच सुचला नव्हता. ती म्हणली, आई, तिकडं याचीच जास्त गरज आहे.) पण दाजी उघडतील तर दिसेल ना! आणि तोवर दुसरंच होऊन बसलेलं. ज्याचं काम लाल राहील त्याला मशीन रोज सकाळी आपोआप निरोप पाठवतं. तो निरोप काय असावा हे अ‍ॅडमिननं लिहायचं असतं. मी गोकुळसाठी लिहिला होता, तो बांबूच आणीना. लिहिलं होतं, "काम राहिलंय. लाज वाटू द्या."

गोकुळला वाटली लाज, दुसऱ्या दिवशी बांबू आले. पण पाण्याची चौकटही लालच ना. दाजींना रोज सकाळी देवपूजेच्या टायमाला, लाज वाटू द्या. ते जितके चिडणार तितकं दाबणार नाय, जितकं दाबणार नाय तितकं मशीन लाज काढणार. मला कळलं तेव्हा मी निरोप बदलला, पुढं अदबीनं लिहिलं, "दाजी, पाया पडते." तर तो सगळ्यांनाच गेला. मोतीराम आचारी दारात येऊन म्हणला, "मावशी, पाया कशाला पडता, मी कढया आणतोच की." आता निरोप बंद केलाय. लाज वाटायची त्यांना वाटून झाली.

सांडूला फोन केला, म्हणलं, बाबा, आण टँकर, मी सांगते. तर म्हणतो, "मावशी, देव आला तरी नाय म्हणला होता तुम्ही." मी म्हणलं, मी देवाच्या वर हाय. म्हणला, "मग हिरवं करा." बिल्डिंगवाले त्याच्या मागं लागलेत, शुक्रवारपर्यंत हो नाय आलं तर अक्षय तृतीयेचा टँकर त्यांना जाणार. म्हणजे लेकीच्या लग्नात चिकट हात घेऊन परत सगळे उभे. तरी तू काळजी करू नको. आम्ही काहीतरी करू. मी तुझ्याकडं काही मागायला हे लिहीत नाय, नुसती खुशाली.

दाजींना दंडवत. म्हशींना वैरण.

तुझी धाकटी,
चतुरा

ता. क. प्रेरणा म्हणली, आई, तू अ‍ॅडमिन आहेस, मावसांचं नाव काढून तिथं तुझं घाल, दोन मिनिटांत हिरवं. काल बसले काढायला. मशीननं विचारलं, नानासाहेबांना काढून टाकायचं, खात्री आहे का? आपल्याला भाऊ नाय, अक्का. प्रेरणाच्या पाठीशी मामाच्या जागी दाजीच उभे राहणार. ज्या माणसाला यादीतून काढलं त्याला मांडवात कोणत्या तोंडानं बोलवू? मी 'नाही' दाबलं. मशीन बिघडलं असं प्रेरणाला सांगितलंय.

ता. क. दुसरा. तू लपून बटण दाबशील, तुझा स्वभाव मला ठाऊक. दाबू नको. मला त्यांचा अंगठा पाहिजे, तुझा नको. तू एवढंच कर, जेवायला वाढताना त्यांना विचार, अहो, प्रेरणानं मोबाइलवर टाकून दिलं तेव्हा पासवर्ड काय सांगितला होता? कुणाचा पासवर्ड फोडणं हे अ‍ॅडमिनला सगळ्यात मोठं पाप, म्हणून प्रेरणानं मला सांगितला नाय. पण तिथली गंमत सांगताना ती इतकी हसत होती की मी ओळखला. तुझं नाव हाय, अक्का. लग्न झाल्यापासून "अगं ए" च्या पुढं न गेलेला माणूस! यमुना म्हणून एका पोरीच्या कानात सांगताना लाजला म्हणे.

शुक्रवारपर्यंत हिरवं झालं तर ठीक. नाय झालं तर त्यांना सांग, मांडवात माइक माझ्या हातात असणार हाय.