पत्त्याचा रकाना

मंगळवार, संध्याकाळ

शांताबाईला आज निराधार योजनेच्या अर्जासाठी कचेरीत नेलं. ती मंगरूळपीरच्या बसस्टँडवर राहते, स्वतःशी बोलते आणि रोज माझ्या डब्यातली अर्धी भाकर हक्काने घेते. पत्त्याचा रकाना रिकामा, म्हणून अर्ज दोनदा परत आला होता. आज त्या रकान्यात माझ्या घराचा पत्ता लिहिला. बरोबर केलं का? घरी अजून सांगितलेलं नाही.

कारकुनाने मला विचारलं, "ही तुमची कोण?"

मी "ओळखीची" म्हणेपर्यंत शांताबाईच पुढे झाली. "माहा भाऊ हाये. थोडा येडा हाये, साहेब. त्याले काहून इचारता? मले इचारा."

कारकून हसला. मग पहिल्यांदाच तिच्याकडे वळून म्हणाला, "बसा मावशी. पूर्ण नाव सांगा."