पंचनाम्याआधीचं छप्पर

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी गावात अजून तेच सांगतात, तिनं सरकारला वाकवलं म्हणून. परवा धाकट्या भावानंही त्याच्या नातवंडांना तेच सांगितलं. मी तिथंच बसले होते, आणि गप्प राहिले. आता राहणार नाही.

बाहत्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. जामखेडकडच्या आपल्या गावात वळवाचा पाऊस चार थेंब पडला, वारं मात्र असं, की घरावरचे पत्रे ओढ्यात जाऊन पडले. धाकटा दीड महिन्याचा. दवंडी झाली, पंचनामा होईपर्यंत कुणी कशाला हात लावायचा नाही. सगळी आळी उघड्यावर बसून तलाठ्याची वाट बघतेय, आणि तू दुसऱ्याच दिवशी वाकडेतिकडे पत्रे गोळा करून, वर धोंडे ठेवून छप्पर घातलंस. पाचव्या दिवशी तलाठी भाऊसाहेब आले. वर बघून म्हणाले, "छप्पर तर जागेवर आहे. नुकसान काय लिहू?" तू पाझर तलावाच्या कामावर निघालेली, हातात पाटी. "पाच दिस लेकरू उन्हात ठिवायचं हुतं व्हय, भाऊसाहेब?" तलाठी माणूस वाईट नव्हता. हळूच म्हणाला, "दोन-चार पत्रे खाली काढून ठेवा बाई. परत येताना लिहितो." तू म्हणालीस, "मोडून दावनार न्हाई. लिवायचं तर हाय तसं लिवा." आणि चालू लागलीस. तुझा लई अभिमान वाटला मला, आणि तितकाच रागही आला. त्या भोकं पडलेल्या पत्र्यांखाली दिवसभर लेकरू घेऊन मी बसायचे, तू नाही. पावसाळा तोंडावर आला होता.

धाकट्याला शेजारच्या काकूकडे दिलं, भिंतीवर चढले आणि धोंडे लोटून एकेक पत्रा खाली ढकलला. बारा वर्षांची होते मी. भाऊसाहेब परत आले, त्यांनी पत्र्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नुकसान लिहून घेतलं. संध्याकाळी तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं, वाऱ्यानं पडले. पाऊस लागायच्या आत सरकारी पत्रे आले आणि जन्मभर तू सांगत राहिलीस, मी वाकले न्हाई म्हणून आले.

मला पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा पाडीन. तुझ्या शब्दापेक्षा मला धाकटा मोठा वाटला, आजही वाटतो. एवढं ताठपणे लिहितेय खरी, पण हे तुला वाचता येणार नाही म्हणूनच. तू आत्ता समोर येऊन विचारलंस ना, तर मी अजूनही वाऱ्याचंच नाव सांगेन.