उद्याचं पाणी

माय,

तुला जाऊन बारा वर्षं झाली आणि मी अजून सरकारवरच लिहिते. सदर दर आठवड्याला छापून येतं, लोक हसतात. कचेरीतले लोक तर कात्रणं जपून ठेवतात म्हणे, म्हणजे कुणाचं काही बिघडत नाही. परवा एका कॉलेजात केंद्र सरकारचा कारभार कसा चालतो यावर बोलायला गेले होते. फळ्यावर राष्ट्रपती लिहिलं, खाली पंतप्रधान, मंत्रिमंडळ, त्याखाली सचिव, आणि तिथे खडू अडला. हा तक्ता मला पुस्तकातून कुठे समजला होता! समजला तो तुझ्या चुलीपुढे.

मी तेव्हा नुकती बी.ए. झालेली, तेही राज्यशास्त्र घेऊन, म्हणजे घरात तशी निरुपयोगीच. तू गावच्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष. दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. माळावर चारा छावणी चालू होती, आणि तहसीलदार सांगून गेले होते की दिल्लीचं पथक पाहणीला येणार आहे, तिकडून मदत आली तर छावणी पावसापर्यंत चालेल, नाही तर महिनाअखेर बंद. छावणी बंद म्हणजे जनावरं बाजारात, आणि जनावरं गेली की संस्थेची फक्त पाटी उरणार. तू भाकरी थापते आहेस आणि विचारते आहेस, "हे दिल्लीवाले कोन असतेत गं? पंतप्रधान येनार का?"

मी शिकलेलं सगळं ओतलं. शेती खात्याचा सहसचिव येतो, बरोबर पाणी, अर्थ, पुरवठा अशा खात्यांची माणसं असतात. त्यांचा अहवाल आधी सचिवांच्या समितीपुढे जातो, मग मंत्र्यांच्या. आणि केंद्राचा आदेश निघतो तो राष्ट्रपतींच्या नावानं.

"मंग राष्ट्रपती वाचतेत का समदं?"

"समदं कसं वाचतील, माय?"

"म्हंजे माज्यावानीच." तू भाकरी उलटलीस. "माज्या नावानं कागद निघतो, ठरवती पंचकमिटी, लिवतो सचिव. पर दूध चांगलं का पानी घातलेलं, हे कोन ठरवतं? जी पोरगी माप लावून वहीत आकडा टाकती, ती. तिच्या आकड्याखाली आमी समद्या सह्या करतो. तुज्या दिल्लीत वही कोनाकडं असती, ते सांग."

दिल्लीत वही अवर सचिवाकडे असते, माय, नाही तर त्याच्याही खालच्या कक्ष अधिकाऱ्याकडे. पहिलं टिपण तिथे लिहिलं जातं. मग फाइल उपसचिव, सहसचिव, सचिव असा एकेक जिना चढत मंत्र्याच्या टेबलावर पोचते, आणि वरच्या मजल्यावर नव्यानं विचार करायला सहसा कुणाला सवड नसते. हे कळायला मला पुढे पंधरा वर्षं लागली. तुला ते भाकरीला पापुद्रा सुटायच्या आत कळलं होतं. तू लगेच कामं वाटलीस. मोठ्या साहेबाला हार घालायला ग्रामसेवक भाऊसाहेब, वहीवाल्याला तू धरणार. "आन् रस्त्याला कुनी हात लावायचा न्हाई. फुफाटा जाऊ द्या त्यांच्या नाकातोंडात. दुसरं काय हाय आपल्याकडं दाखवायला?"

दुसऱ्या दिवशी पथक अकराला येणार होतं, आलं अडीचला. तू सकाळपासून छावणीत. पहिली पांढरी गाडी थांबली तेव्हा नांदूरघाटकडच्या फाट्यापासून छावणीपर्यंतचा रस्ता ओलाचिंब होता. दोन दिवसांतून एकदा येणारा टँकर आडात रिकामा व्हायच्या ऐवजी रस्त्यावर रिकामा झाला होता. पाहुणे येणार आणि वाटेवर सडा नाही, हे आपल्याकडे कुणाला जमत नाही, प्यायला नसलं तरी. सहसचिव हार गळ्यात घालून पुढे गेले. मागून एक तरुण अधिकारी उतरला, हातात वही. बुटाला लागलेला चिखल त्यानं पाहिला, "पानी तो है यहाँ" असं स्वतःशीच म्हणाला आणि लिहायला लागला.

तू धावत आलीस. त्याच्या वहीवर सरळ तळहात ठेवलास. तुझं बाजारातलं हिंदी, "साब, ये गाव का कल का पानी हाय. तुमारे पाव के नीचे डाल दिया. कल हमारी बायका क्या पियेंगी, वो बी लिखो." तो गोंधळला. चिखलाकडे पाहिलं, तुझ्याकडे पाहिलं, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. सात मिनिटांत गाड्या गेल्या.

छावणी पावसापर्यंत चालली. त्या ओळीमुळे की आणखी कशामुळे, कुणास ठाऊक. ती फाइल मी पुढे मागून पाहिली, मिळाली नाही.

पण गाड्या गेल्यावर तू भर चौकात भाऊसाहेबांना धरलंस. "कावून टाकलं पानी? म्या काय सांगितलं हुतं? लेकरंबाळं दोन दिस काय धूळ पितेल?" टँकरचा ड्रायव्हर दुसऱ्या गावच्या खेपेला निघून गेला होता. भाऊसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "चूक झाली, अध्यक्षबाई." त्यानंतर गावात एकाही घरी त्यांना चहा मिळाला नाही. वर्षाच्या आत त्यांनी बदली मागून घेतली. तू शेवटपर्यंत त्यांना 'सडेवाला' म्हणत राहिलीस, आणि मी हसत राहिले.

माय, सरकारात श्रेय जिने चढतं आणि ठपका जिने उतरतो, यावर माझे निदान पन्नास लेख असतील. मंत्री सचिवाकडे बोट दाखवतो, सचिव खालच्याकडे, आणि बोट शेवटी अशा माणसापाशी थांबतं ज्याच्या खाली कुणी नाही. या विषयातली जिल्ह्यातली जाणकार समजतात मला.

ड्रायव्हरला व्हॉल्व्ह उघडायला मी सांगितलं होतं. गाड्या केजहून निघाल्याचा फोन आला आणि मला लाज वाटली. दिल्लीची माणसं येणार, शिकलेल्या मुलीचं गाव, आणि घोट्यापर्यंत फुफाटा. भाऊसाहेब शेजारीच उभे होते. म्हणाले, "ताई, अध्यक्षबाई रागावतील." मी म्हटलं, "मी बघते."

मग चौकात मी नुसतं बघितलं.

परवा कॉलेजात मी तक्ता पूर्ण केला, टाळ्या घेतल्या, मानाची शाल घेतली. हे सगळं तुला लिहायला सोपं गेलं, कारण हा कागद तुला पोचणार नाही. भाऊसाहेब मात्र आहेत. निवृत्त होऊन चौसाळ्याला राहतात, हायवेलगत, दारात कडुलिंब. बीडला जाताना माझी एसटी तिथे थांबते. मी खिडकीतून बघते, आणि अजून एकदाही उतरलेले नाही.